चिप सांगते, ड्रायव्हर मोजतो

[फोंडा. पाऊस. टेबलावर पाठ उघडलेला लॅपटॉप]

हे छोटं कार्ड म्हणजे वाय-फाय. त्याच्या चिपमध्ये वेगळा प्रोसेसर आहे आणि त्यावर चालतं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम. ते कंपनीचं, बंद. आपल्याला वाचता येतो तो लिनक्समधला ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा कॉम्प्युटरच्या बाजूचा प्रोग्राम. क्वालकॉमच्या या चिपसाठी तो आहे 'एथ११के'.

[स्क्रीनवर आकड्यांच्या रांगा]

फर्मवेअरचा निरोप तुकड्या-तुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर चार बाइट, म्हणजे ३२ बिट: वरचे १६ बिट तुकड्याचा प्रकार सांगतात, खालचे १६ बिट त्याची लांबी. मागून मजकूर. लांबी कायमची ठरवून का टाकत नाहीत? कधी एका चॅनेलची माहिती असते, कधी चाळीसची. शिवाय नवं फर्मवेअर जुन्या मजकुराच्या शेवटी दोन रकाने वाढवून मोकळं होतं. म्हणून ड्रायव्हर 'निदान एवढं हवं' म्हणतो. 'एवढंच हवं' म्हणत नाही.

[मासळी बाजार, वजनकाटा]

इसवण अडीच किलो आहे असं सांगितलं, तरी गिऱ्हाईक काट्याकडे बघतंच.

[एडिटर. कर्सर तीन ओळींवरून फिरतो]

ड्रायव्हरचा काटा इथं आहे. हातात चार बाइट तरी उरलेत का? लिहिलेली लांबी उरलेल्या बाइटांत मावते का? या प्रकाराला लागणारी किमान लांबी भरते का? एक जरी 'नाही' आलं, तरी वाचन तिथंच थांबतं.

[लॉग]

कितव्या बाइटपाशी अडलं, किती उरले होते, किती हवे होते, सगळं या ओळीत आहे. ती कॅमेऱ्यात यावी म्हणून मोडका निरोप मुद्दाम घुसवलाय.

[जुना कोड, शेजारी नवा]

असा निरोप ठेवायच्या स्ट्रक्चरच्या, म्हणजे रकान्यांच्या साच्याच्या, शेवटी पूर्वी एकाच घराची अ‍ॅरे (सारख्या घरांची रांग) लिहीत आणि बिनदिक्कत तिच्यापुढे जात. सी भाषेत १९९९पासून बिनआकड्याची अ‍ॅरे आहे, तरी कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, ही जुनी घरं बदलायला वर्षानुवर्षं लागली. २०२३मध्ये कर्नलमध्ये आणखी एक खूण आली: या अ‍ॅरेची घरं किती, ते शेजारचा अमुक रकाना सांगेल.

लांबी तपासली नाही तर काय होतं? २०१९मध्ये ब्रॉडकॉम चिपच्या ड्रायव्हरमधली चूक उघड झाली. नेटवर्कचं नाव जास्तीत जास्त ३२ बाइटचं. फर्मवेअरने दिलेली लांबी मात्र न तपासताच कॉपी होत होती. बफर, म्हणजे नावासाठी राखलेली जागा, ओलांडला जायचा. दुरुस्ती दोन ओळींची.

[ई-मेलची खिडकी]

फोंड्यातून आज निघालेला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, तीही तेवढीच आहे: एक तुलना, आणि लांबी कमी भरली तर एरर देऊन परत. विषयाची ओळ 'वायफाय'ने सुरू होते. आता मेंटेनर, म्हणजे हा कोड सांभाळणारे, काय म्हणतात ते बघायचं.