मृत्यूनंतरचे काही तास : अवयवदान आणि ऊतीदान

श्रोतेहो,

अवयवदानावरचे व्याख्यान म्हटले की त्याची सुरुवात दात्याच्या औदार्यापासून होणार, असे आपण गृहीत धरतो. मी मात्र घड्याळापासून सुरुवात करणार आहे. कारण द्यायची इच्छा असूनही, कायदा अनुकूल असूनही आणि शल्यचिकित्सकांच्या हाती कौशल्य असूनही दान पुष्कळदा घडत नाही, आणि त्याचे कारण अनेकदा तासांच्या हिशेबात सापडते. शरीराबाहेर काढून थंड ठेवलेले हृदय साधारण ४ ते ६ तास वापरण्याजोगे राहते, फुफ्फुसांना ६ ते ८ तासांची मुदत मिळते, यकृताला सुमारे १२ तासांची, तर मूत्रपिंड २४ तास आणि काही वेळा ३६ तासांपर्यंतही टिकते. एवढ्या वेळात तो अवयव दुसऱ्या रुग्णालयात पोहोचवायचा असतो आणि ज्याला तो मिळणार आहे त्या रुग्णाला बोलावून, तपासून, शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचे असते. रक्तगट आणि ऊतींची जुळणी शक्यतो अवयव काढण्यापूर्वीच करून घेतली जाते, ती याच घाईपोटी. अर्थात या घड्याळाचा पहिला टोल त्याच्याही आधी, अतिदक्षता विभागात पडलेला असतो. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी हे पाहू की या सगळ्या खटाटोपातून हाती काय लागते. मूत्रपिंडाचे उदाहरण घेतो, कारण त्याचा अभ्यास सर्वांत काटेकोर झालेला आहे. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण डायलिसिसवर जगू शकतो; पण सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे ४ तास यंत्राला जोडून घेऊनही निरोगी मूत्रपिंडांच्या कामाचा थोडाच भाग भरून निघतो. प्रत्यारोपण झालेले रुग्ण डायलिसिसवरील रुग्णांपेक्षा अधिक जगतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून दिसत होते. तथापि त्यात एक गोम होती. प्रत्यारोपणासाठी मुळात धडधाकट रुग्णच निवडले जातात, तेव्हा त्यांचे जास्त जगणे हे प्रत्यारोपणाचे श्रेय की निवडीचे, असा रास्त प्रश्न होता. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हा प्रश्न नीट हाताळला. त्याने केवळ प्रतीक्षायादीवर घेतलेल्या, म्हणजे प्रत्यारोपणास पात्र ठरलेल्या ४६ हजारांहून अधिक रुग्णांचा विचार केला आणि त्यांच्यापैकी ज्यांना मृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले त्यांची तुलना यादीतच राहिलेल्यांशी केली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मूत्रपिंड मिळालेल्यांचा मृत्यूचा धोका यादीतल्या रुग्णांच्या २.८ पट होता, हे या अभ्यासाने लपवले नाही. पण हा धोका पुढे झपाट्याने उतरत गेला आणि दीर्घ मुदतीत त्यांचे मृत्यूचे प्रमाण यादीतल्यांपेक्षा ४८ ते ८२ टक्क्यांनी कमी राहिले. यादीतल्या रुग्णाची अपेक्षित आयुर्मर्यादा सरासरी १० वर्षे, तर प्रत्यारोपण झालेल्याची २० वर्षे, असा त्याचा हिशेब निघाला. एवढा मोठा फरक पाडणारे उपचार वैद्यकशास्त्रात फार नाहीत. यकृताच्या बाबतीत तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही, कारण यकृताचे काम वर्षानुवर्षे चालवील असे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही. यकृत पूर्ण निकामी झालेल्या रुग्णापुढे प्रत्यारोपण किंवा मृत्यू एवढे दोनच मार्ग असतात.

हे यश सहज मिळालेले नाही. १९३३ साली युक्रेनमध्ये युरी वोरोनॉय यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड एका रुग्णाला बसवले. रक्तगट जुळत नव्हता, मूत्रपिंड मृत्यूनंतर कित्येक तासांनी काढलेले होते, आणि रुग्ण दोन दिवसांत दगावला. १९५४ च्या २३ डिसेंबरला बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाले, कारण दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला परका अवयव ओळखूच आला नाही. रुग्ण त्यानंतर ८ वर्षे जगला. मूत्रपिंड देणारा भाऊ मात्र २०१० सालापर्यंत, म्हणजे पाच दशकांहून अधिक काळ, एकाच मूत्रपिंडावर जगला. जिवंतपणी मूत्रपिंड देण्याविषयी जी धास्ती घेतली जाते, तिच्या संदर्भात हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, जरी एका माणसाच्या उदाहरणावरून नियम काढता येत नसला तरी. १९६७ साली केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले आणि त्यांचा रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेला. त्यानंतर जगभर हृदय प्रत्यारोपणाची लाट उसळली, बहुतेक रुग्ण काही महिन्यांत दगावले, आणि अनेक रुग्णालयांनी हा कार्यक्रम गुंडाळून ठेवला. चित्र पालटले ते एका बुरशीतून मिळालेल्या सायक्लोस्पोरीन या औषधाने, ज्याला अमेरिकेत १९८३ साली मान्यता मिळाली. प्रतिकारशक्तीला नेमका लगाम घालता येऊ लागला तेव्हाच जुळ्या भावंडांपलीकडच्या माणसाचा अवयव ही खात्रीने देण्याजोगी गोष्ट झाली. म्हणजे शास्त्राची मोठी अडचण चार दशकांपूर्वीच बरीचशी सुटलेली आहे. असे असूनही आज जगभरात दरवर्षी होणारी दीड लाखांहून अधिक अवयव प्रत्यारोपणे एकूण गरजेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी आहेत.

मग अडते कुठे? याचे उत्तर द्यायचे तर मेंदूमृत्यूविषयी थोडे तपशिलाने बोलावे लागेल. हृदय, फुफ्फुसे, यकृत यांसारखे अवयव रक्तपुरवठा थांबताच बिघडू लागतात, त्यामुळे घरी किंवा साध्या वॉर्डात हृदय थांबून मृत्यू पावलेल्या व्यक्तीचे हे अवयव सहसा घेता येत नाहीत. ते घेता येतात प्रामुख्याने अशा व्यक्तीचे, जिचा मेंदू अपघाताने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने कायमचा निकामी झाला आहे, पण व्हेंटिलेटरमुळे प्राणवायू मिळत राहिल्याने जिचे हृदय अद्याप चालू आहे. हृदयाला स्वतःची विद्युत्प्रेरणा असते. मेंदूच्या आज्ञेवाचूनही ते काही काळ धडधडत राहते. एकूण मृत्यूंमध्ये अशा मृत्यूंचे प्रमाण अगदी अल्प असते. दार मुळातच इतके अरुंद आहे, म्हणून त्यातून जाणारी प्रत्येक संधी मोलाची ठरते.

मेंदूमृत्यू आणि कोमा यांत गल्लत करणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कोमातल्या रुग्णाचा मेंदू जिवंत असतो; मेंदूमृत्यूत मस्तिष्कस्तंभासह, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या तळच्या भागासह, त्याचे कार्य कायमचे थांबलेले असते, आणि तिथून परतीची वाट नसते. तो ठरवण्यासाठी आधी मेंदूच्या इजेचे कारण निश्चित माहीत असावे लागते. शरीर फार थंड पडलेले नाही ना, गुंगीच्या औषधांचा अंमल उरलेला नाही ना, याची खातरजमा करावी लागते. मग डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशात नळी फिरवल्यावर खोकला किंवा उबळ येते का, हे क्रमाने पाहतात. शेवटी, प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर तात्पुरता दूर करतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढूनही रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे तपासतात. ही तपासणी करणारे डॉक्टर प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतले नसतात, हे मुद्दाम सांगतो. कारण ‘दाता म्हणून नाव नोंदवले तर डॉक्टर आपल्याला वाचवायचे प्रयत्न सोडून देतील’ ही भीती सुशिक्षितांतही खोलवर रुजलेली असते.

याच टप्प्यावर तो पहिला टोल पडलेला असतो. मेंदू मृत झाला की शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कोसळते : रक्तदाब घसरतो, शरीराचे तापमान उतरते, मूत्राचे प्रमाण नियंत्रणात ठेवणारे संप्रेरक तयार होईनासे झाल्याने शरीरातले पाणी वाहून जाऊ लागते. अतिदक्षता विभागातील डॉक्टर आणि परिचारिका औषधे, द्रव आणि संप्रेरके देऊन हे अवयव सांभाळत असतात. वृत्तपत्रांत हृदय घेऊन धावणाऱ्या रुग्णवाहिकेचे छायाचित्र छापून येते. रात्रभर मृत दात्याचा रक्तदाब राखणाऱ्या परिचारिकेचे येत नाही, आणि माझ्या मते खरे श्रेय तिच्याकडेही तितकेच जायला हवे. अलीकडे काही देशांत, ठरवून उपचार थांबवल्यानंतर हृदय बंद पडलेल्या रुग्णांचे अवयवही घेतले जातात. हृदय थांबल्यावर ठरावीक मिनिटे वाट पाहून मृत्यू घोषित केला जातो, आणि काढलेले अवयव यंत्राच्या साहाय्याने रक्त किंवा पोषक द्रव खेळवून तपासले जातात. यामुळे ते दार थोडे रुंदावले आहे.

या तासांत एक संभाषण घडावे लागते, आणि ते नातेवाइकांशी असते. आपल्या माणसाची छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, पडद्यावर हृदयाची रेघ चालू आहे, आणि डॉक्टर म्हणतात की तो गेला. हे ऐकून घेणे कोणालाही अवघडच जाते. अनुभवी प्रत्यारोपण समन्वयक मृत्यूची बातमी आणि दानाची विचारणा एका दमात करत नाहीत. मृत्यू झाला आहे हे कुटुंबाच्या मनात पुरते उतरल्यावरच ते दानाचा विषय काढतात, आणि तेव्हाही ‘तुम्हाला काय वाटते’ यापेक्षा ‘त्यांना काय आवडले असते’ असे विचारतात. संमतीचा कायदा बदलला की दान आपोआप वाढेल, असे मानणाऱ्यांनी स्पेनचा इतिहास जरूर पाहावा. तिथे गृहीत संमतीचा, म्हणजे हयातीत नकार दिला नसेल तर संमती आहे असे मानणारा, कायदा १९७९ साली झाला, तरी दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, दात्यांचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे १४ इतकेच होते. त्या वर्षी राफाएल मातेसान्झ यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली, रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले, ज्यांत अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांचा मोठा भरणा होता, आणि दशक संपेपर्यंत हे प्रमाण ३० च्या वर गेले. कायदा तोच राहिला होता, आणि कायदा काहीही म्हणो, तिथे आजही कुटुंबाला विचारल्यावाचून अवयव घेत नाहीत.

इटलीचे उदाहरणही नेहमी दिले जाते. १९९४ साली तिथे सहलीला आलेल्या सात वर्षांच्या एका अमेरिकी मुलाला लुटारूंनी गोळी घातली. त्याच्या आईवडिलांनी परक्या देशातल्या माणसांसाठी त्याचे अवयव आणि डोळ्यांचे कॉर्निया दिले आणि ते सात जणांना मिळाले. पुढच्या वर्षांत इटलीतले दानाचे प्रमाण खूप वाढले. या वाढीचे सारे श्रेय त्या एका घटनेला देणे मला भाबडेपणाचे वाटते, कारण १९९९ साली तिथे नवा कायदा होऊन प्रत्यारोपणाची राष्ट्रीय व्यवस्थाही उभी राहिली. पण हा विषय घराघरांत बोलला जाऊ लागला तो त्या घटनेने, हे नाकारता येणार नाही.

आता ऊतीदानाकडे वळतो, ज्याची चर्चा अवयवदानाच्या तुलनेने फारच थोडी होते. इथे घड्याळ बरेच सैल आहे. कॉर्निया, त्वचा, हाडे, कंडरा आणि हृदयाच्या झडपा हृदय थांबल्यानंतरही काही तास घेता येतात, म्हणजे घरी, वार्धक्याने मृत्यू पावलेली व्यक्तीसुद्धा यांतले बरेच काही देऊ शकते. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीर त्याला सहजी नाकारत नाही आणि रक्तगट जुळवण्याची सहसा गरज पडत नाही. म्हणूनच त्याचे यशस्वी प्रत्यारोपण मूत्रपिंडाच्या जवळजवळ अर्धशतक आधी, १९०५ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथे एडुआर्ड झिर्म यांना करता आले. योग्य पोषक द्रवात तो थंड ठेवल्यास सुमारे १४ दिवस टिकतो, आणि आधुनिक तंत्राने एका कॉर्नियाचे थर वेगळे करून दोन रुग्णांना देता येतात. तरीही २०१२ सालच्या स्थितीवर आधारलेल्या जागतिक पाहणीत दर ७० गरजूंमागे एकच कॉर्निया उपलब्ध असल्याचे आढळले. चष्मा असणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे किंवा मधुमेह असणे यांमुळे नेत्रदान अडत नाही. रक्ताचा कर्करोग, रेबीज, एचआयव्ही किंवा कावीळ पसरवणाऱ्या विषाणूंचा संसर्ग असेल तर मात्र ते स्वीकारत नाहीत.

त्वचेविषयी तर बोलावे तितके थोडे. शरीराचा मोठा भाग भाजलेल्या रुग्णाला स्वतःची त्वचा पुरत नाही. उघड्या जखमांतून द्रव आणि प्रथिने वाहून जातात, जंतुसंसर्ग शिरतो, आणि अनेकदा मृत्यू भाजण्यापेक्षा या संसर्गानेच ओढवतो. मृत दात्याच्या पाठीवरून आणि मांड्यांवरून घेतलेला त्वचेचा पातळ थर अशा जखमांवर दोन-तीन आठवडे संरक्षक आवरण म्हणून टिकतो. पुढे शरीर तो नाकारते, पण तोवर रुग्णाची स्वतःची त्वचा वापरण्याइतका अवधी मिळालेला असतो. इथे गट जुळवावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली त्वचा दीर्घकाळ साठवता येते. हृदय प्रत्यारोपणास योग्य नसले तरी त्याच्या झडपा अतिशीत तापमानात वर्षानुवर्षे राखून ठेवता येतात आणि जन्मजात दोष असलेल्या बालकांना बसवता येतात.

घरी मृत्यू झाल्यास काय करावे, हा प्रश्न अशा व्याख्यानानंतर हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर आत्ताच देतो. नेत्रपेढीला होईल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तासाभरातच कळवावे, कारण नेत्रपेढ्या साधारणपणे ६ तासांच्या आत कॉर्निया घेऊ पाहतात. मृत व्यक्तीच्या पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी घेऊन डोके थोडे उंच करावे, आणि खोलीतला पंखा बंद ठेवावा, म्हणजे कॉर्निया कोरडा पडत नाही. मृत्यूचा दाखला देणारे डॉक्टर आणि मृत व्यक्तीचे उपचारांचे कागद हाताशी असावेत. पेढीचे लोक रक्ताचा नमुना घेतील, संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही घेतील, आणि साधारण अर्ध्या तासात त्यांचे काम आटोपेल. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यसंस्कार खोळंबत नाहीत. मृत व्यक्तीने नोंदणी केली होती की नाही, यावाचून यातले काहीही अडत नाही. सही करणाऱ्या नातेवाइकाला तिची इच्छा ठाऊक असली, म्हणजे पुरे.