ज्वारीवर ज्वारी

नमस्कार श्रोतेहो.

गिरणीत डबा ठेवताना आपण एक वाक्य हमखास बोलतो. "काका, ज्वारीवर ज्वारी दळा हं, गव्हावर नको." आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहिलेलं असतं, ते आपल्या डब्यात यायला नको, एवढाच हेतू असतो. लहानपणी आईसोबत गिरणीत उभी असताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. पुढे याच वाक्यावर माझी तब्येत अवलंबून राहणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

मी मूळची मंगळवेढ्याची. दामाजीपंतांनी दुष्काळात जिथली कोठारं उघडली, ते मंगळवेढं. काळ्याभोर जमिनीत, केवळ मुरलेल्या ओलाव्यावर तिथे मालदांडी ज्वारी येते आणि तिला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आमच्या घरी दोन्ही वेळा भाकरी असायची. पोळी सणाला, नाहीतर पाहुणे आले तर. लग्न होऊन पुण्याला आले आणि हे उलटं झालं. सकाळी डब्याला पोळी, रात्री पोळी, नाश्त्याला उपमा नाहीतर शिरा, चहाबरोबर बिस्किटं. यात काही वावगं आहे असं वाटायचं कारणच नव्हतं.

पोट बिघडायला लागलं ते हळूहळू. जेवलं की पोट फुगायचं, इतकं की साडीची गाठ सैल करावी लागायची. कधी चार-चार दिवस जुलाब, मग पुन्हा बरं. तोंड सारखं आलेलं. जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन आठाच्या वर जायला तयार नाही. लोहाच्या गोळ्या मी किती वर्षं खाल्ल्या याचा हिशेब नाही. कुणी अॅसिडिटी म्हटलं, कुणी आमांश, कुणी टेन्शन. टेन्शन हा शब्द मला सगळ्यांत जास्त लागला. बाईच्या पोटात दुखलं की ते मनाचं दुखणं आहे असं समजून तिला परत पाठवणं किती सोपं असतं, हे मी त्या वर्षांत अनुभवलं. ज्या श्रोत्यांना आज कुणी असं परत पाठवलं असेल, त्यांच्यासाठीच मी खरं तर बोलते आहे.

चौतिसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी वेगळा प्रश्न विचारला. लोह पोटात जातंय, मग ते रक्तात का येत नाही? त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. ती वाढलेली निघाली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे घेऊन तपासले आणि आजाराला नाव मिळालं : सिलिअॅक.

लोक याला गव्हाची अॅलर्जी म्हणतात. बोलायला सोपं आहे म्हणून मीही कधीकधी म्हणते, पण ही अॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय (मोहरीची राई नव्हे, युरोपातलं एक धान्य) या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिनं असतात. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना जी ताणली जाते, ती त्यांच्यामुळे. काही माणसांत, ज्यांच्यात विशिष्ट जनुकं असतात त्यांच्यात, शरीराची संरक्षण यंत्रणा या ग्लूटेनमुळे चवताळते आणि स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातला कस शोषून घेते ती ही लव. सिलिअॅकमध्ये ती झिजत झिजत सपाट होते. मग ताटात कितीही चांगलं वाढलेलं असो, शोषायला जागाच राहत नाही. लोह जात नाही म्हणून पंडुरोग, कॅल्शियम जात नाही म्हणून हाडं ठिसूळ, लहान मूल असेल तर वाढ खुंटते. दूध पचवणारा पाचक रसही त्या लवेच्या टोकांवरच तयार होतो, त्यामुळे कित्येकांना दूधही सोसेनासं होतं. मलाही सोसायचं नाही. आतडं भरून आल्यावर दूध पुन्हा पचायला लागलं.

हे गव्हामुळे होतं हे कसं कळलं, ती हकीकत मी वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नेदरलँड्समध्ये हेग शहरात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. हडकुळी, पोट फुगलेली, सतत जुलाब होणारी मुलं त्यांच्याकडे यायची आणि त्यातली बरीच दगावायची. गव्हाचा काहीतरी संबंध असावा, हा संशय त्यांना १९३० च्या दशकातच आला होता. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. दुसरं महायुद्ध चालू, जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडलेली. पाव मिळेना. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसं उपासमारीनं मेली. आणि त्या भयंकर दिवसांत, सगळा देश खंगत असताना, डिके यांच्या दवाखान्यातली ही आजारी मुलं सुधारली. पुढे पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. डिके यांनी हे सोडून दिलं नाही. आहारात एकेक धान्य देऊन, काढून, नोंदी ठेवून त्यांनी ते पडताळलं आणि १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं. आज माझं पोट शांत आहे ते या माणसाच्या चिकाटीमुळे, असं मी मानते.

या आजारावर गोळी नाही. गहू, जव, राय आयुष्यभर पूर्ण बंद, हाच उपचार. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी रडले नाही, उलट हसले. म्हटलं, एवढंच ना? मी भाकरीवर वाढलेली मुलगी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी. यात कशातच ग्लूटेन नाही. युरोपातल्या माणसाला पाव सोडणं जड जात असेल. मला फक्त माहेरच्या ताटाकडे परत जायचं होतं.

माझा हा आनंद सहा महिने टिकला. तपासणी पुन्हा केली, तर टीटीजी म्हणावा तसा उतरलेला नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी मला आठवडाभर तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ वहीत लिहायला लावला. त्या वहीत काय निघालं? हिंग. खरा हिंग हा अफगाणिस्तान, इराणकडच्या एका झाडाचा चीक असतो, आणि तो इतका उग्र की बाजारात आपल्याला मिळतो तो बांधानी हिंग, म्हणजे मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक घालून सौम्य केलेला. आमच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा लिहिलेला होता. रोजच्या आमटीच्या फोडणीतून मी रोज चिमूटभर गहू खात होते.

आणि दुसरं निघालं मेतकूट. याबद्दल बोलताना मला आजही भरून येतं. पोट बिघडलं की आमच्या सासूबाई मऊ भात करायच्या, वर तूप आणि मेतकूट. आपल्याकडे पोटाच्या दुखण्याला यापेक्षा मायेचं पथ्य दुसरं नाही. पण मेतकुटात डाळींबरोबर गहूही भाजून घालतात. वर्षानुवर्षं मी आजारी पडले की त्या मला मेतकूट-भात भरवत होत्या. हे कळलं तेव्हा त्या देवघरासमोर जाऊन बसल्या. मी त्यांना म्हटलं, आई, तुम्ही भरवलंत म्हणून तर मी टिकले. पण त्यांच्या मनातून ते जायला बरेच दिवस लागले.

त्यानंतर आमचं स्वयंपाकघर मी नव्याने शिकले. थालिपिठाच्या भाजणीत गहू. सातूच्या पिठात गहू. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. माल्ट घातलेली पौष्टिक पेयं जवाची. खपली गहू पचायला हलका, तो चालेल, असं मला अनेकांनी आपुलकीनं सुचवलं. खपली हाही गहूच, त्यातही ग्लूटेन आहे, तो सिलिअॅकच्या माणसाला अजिबात चालत नाही. आणि गिरणी! गव्हावर ज्वारी दळली की माझ्या ज्वारीत गहू आलाच. आपल्या देशातल्या नियमानुसार ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही. म्हणजे किती, तर किलोभर पिठात मिठाच्या चिमटीहूनही कितीतरी कमी. गिरणीच्या जात्यात त्याहून कितीतरी जास्त पीठ अडकलेलं असतं. शेवटी आम्ही पैसे साठवून घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा पडत नाही.

तवा वेगळा, पोळपाट वेगळं, गाळणी वेगळी. घरच्यांना हे सुरुवातीला अती वाटायचं. ते त्यांना पटलं एका शब्दानं : खरकटं. मी म्हटलं, कणकेचा हात हा माझ्यासाठी खरकटा हात आहे. पुढे काही सांगावं लागलं नाही. धाकटा मुलगासुद्धा पोळी खाऊन हात धुतल्याशिवाय माझ्या डब्याला शिवत नाही.

बाहेरचं मात्र अवघड होतं. लग्नकार्यात, बारशाला, वास्तुशांतीला माणसं प्रेमानं आग्रह करतात. "अगं, एवढासा तुकडा घे, एका घासानं काय होतंय?" एका घासानंच होतं. आतड्याला घास लहान की मोठा हे कळत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा नाकारताना माझे हात थरथरायचे. आजाराचं नाव सांगितलं की लोक गोंधळायचे, मग मी सांगू लागले : माझा गव्हाचा उपास आहे, कायमचा. या वाक्यानं माझं जगणं बदललं. आपल्या घरांत एकादशी धरणाऱ्या माणसाच्या ताटात शीत पडणार नाही याची काळजी सगळं घर घेतं. उपासाचं वेगळं शिजवतात, वेगळ्या चमच्यानं वाढतात, "उपासाला हे चालतं का?" असं आधी विचारतात. नियम पाळणं आणि दुसऱ्याचा नियम सांभाळणं, दोन्ही आपल्या हाडीमाशी आहे. आता माझ्या जावा पंगतीआधी फोन करून विचारतात, हिंग कुठला घालू?

फक्त उपास म्हटलं म्हणून उपासाचेच पदार्थ रोज खाऊ नयेत. ती चूक मी केली होती. साबुदाणा, बटाटा, वरून महागडी ग्लूटेनमुक्त बिस्किटं. गहू गेला, पण वजन वाढलं आणि बद्धकोष्ठ झालं. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात तीनसुद्धा नसतात. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आणि माझी हाडं कमकुवत झालेली, तेव्हा मला ती हवीच होती. आता सकाळी नाचणीचं आंबील, दोन्ही वेळा भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, ताक. वर्षाच्या आत हिमोग्लोबिन बारावर आलं. गोळ्या त्याच होत्या, फक्त आता त्या लागू पडत होत्या.

श्रोतेहो, माझं ऐकून कुणी उद्यापासून गहू सोडू नका, ही मात्र हात जोडून विनंती. पोट फुगणाऱ्या, गॅस होणाऱ्या बहुतेक माणसांना सिलिअॅक नसतो. कुणाला दूध सोसत नसतं, कुणाचं आतडंच हळवं असतं, कुणाला जंतुसंसर्ग असतो, आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं. उत्तर भारतात केलेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला, दक्षिणेकडे प्रमाण खूपच कमी. शिवाय तपासणीआधीच गहू बंद केला तर रक्तातल्या खुणा पुसल्या जातात, निदान हुकतं आणि मग पुन्हा गहू खाऊन तपासून घ्यावं लागतं. आधी तपासणी, मग पथ्य. गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल, विनाकारण वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, पोटदुखीनं रात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर घरगुती काढ्यांत महिने घालवू नका. आणि घरात एकाला सिलिअॅक निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीला पोटाची कधीच तक्रार नव्हती, फक्त थकवा यायचा. तिचीही टीटीजी वाढलेली निघाली. मंगळवेढ्यात राहून ती आता पुन्हा पूर्णपणे भाकरीवर आली आहे.

गेल्या दिवाळीत मला थंडीताप झाला होता. सासूबाईंचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, फार वेळ उभं राहवत नाही. सकाळी स्वयंपाकघरातून डाळी भाजल्याचा वास आला. त्यांनी हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, धने-जिरे माझ्याच तव्यावर भाजून घरघंटीवर दळायला लावले होते. हिंग तांदळाच्या पिठातला. गहू नाही. बरणीवर नातवाकडून माझं नाव लिहून घेतलेलं. मग त्यांनी मऊ भात कालवला, वर तूप सोडलं, आणि इतक्या वर्षांनी मी त्यांच्या हातचं मेतकूट खाल्लं.

नमस्कार.