वेणी वर बांधा ताई

(वस्तीतलं समाजमंदिर, सकाळ)

या दादांच्या हातात मोठ्या कॅमेऱ्यासारखं जे दिसतंय ना, ते एक्सरे मशीन आहे. अख्खं मशीन, साडेतीन किलोच्या आसपास वजन. सोलापुरातली विडी कामगारांची वस्ती ही. पत्र्याच्या शेडमध्ये बायका रांगेत बसल्यात आणि रांगेत पण सुपात पानं घेऊन विड्या वळणं चालूच आहे, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते, रांगेत बसल्याची कोण देणार. खोकला कुणालाच नवीन नाही इथं. विचारलं की उत्तर ठरलेलं, तंबाखूचा आहे ओ, सगळ्यांनाच असतो.

(लॅपटॉपचा क्लोजअप)

आता स्क्रीनकडं बघा. फोटो निघाला, आणि मिनिटभरात एक्सरे स्वतःच वाचणाऱ्या एआय सॉफ्टवेअरनं छातीवर रंग भरला. शेजारी एक आकडा, शंका किती आहे त्याचा. लाल दिसलं म्हणजे टीबी झाला असं नाही, मशीन एवढंच म्हणतंय की इथं मला शंका आहे, थुंकी तपासा. टीबी आहे का नाही हे ट्रूनॅट किंवा सीबीनॅट, म्हणजे थुंकीत टीबीचा जंतू शोधणाऱ्या चाचण्याच सांगणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये असं सॉफ्टवेअर वापरायची शिफारस केली, ती पण १५ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच, म्हणून ती कोपऱ्यातली पोरं नुसती बघायला आलीयत, त्यांचा नंबर लागणार नाही.

हे सगळं शिकवायला ट्रेनिंग झालं होतं की. प्रोजेक्टर, इंग्रजी स्लाइडा, जेवण, ग्रुप फोटो. त्याचं फुटेज आपल्याकडं नाही, असतं तरी वापरलं नसतं. ट्रेनिंग संपल्यावर मशीन पेटीत आणि पेटी कपाटात, असं बरेच दिवस चाललं. कुणी उघडपणे बोलत नव्हतं पण टेक्निशियन लोकांच्या मनात एकच, हे आपली नोकरी खायला आलंय का बे.

(निळ्या साडीतल्या ताई, केस बांधताना)

कपाट उघडलं ते या ताईंमुळं. डार्करूममध्ये फिल्म धुण्याच्या काळापासून एक्सरे काढतायत. कॅम्पला यांच्याबरोबर एक नवा पोरगा होता, डिप्लोमा करून आलेला. त्याला लॅपटॉप यायचा, यांना छाती यायची. पोरगा हैराण, एकामागोमाग एक बायकांच्या फोटोत फुप्फुसाच्या वरच्या भागात लाल. टीबी बहुतेक वेळा वरच्याच भागात बसतो, त्यामुळं तो घाबरला, अख्खी वस्तीच निघाली की काय! ताईंनी मूळ काळा-पांढरा फोटो मागितला, रंग काढून, बघितला, आणि उठून रांगेतल्या पहिल्या बाईला म्हणाल्या, वेणी वर बांधा. खांद्यावरनं पुढं आलेली जाड ओली वेणी, तिची सावली पडत होती. परत फोटो काढला, लाल गेलं.

तिथनं मग यादीच झाली. मंगळसूत्र काढून हातात धरायचं, पिना काढायच्या, खांदे पुढं ढकलायचे म्हणजे पाठीची फरी फुप्फुसावर येत नाही, श्वास पूर्ण आत घेऊन धरायचा. आता श्वास धरा हे मराठीत सांगून निम्म्या बायका धरत नाहीत, कारण घरात तेलुगू. मग आशाताई, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, पुढं. हा आवाज त्यांचाच आहे, बघा कशा ओरडून सांगतायत, आणि म्हातारीसुद्धा छाती फुगवून उभी! दिवस गेलेल्या बाईला पण त्याच आधी ओळखतात, हळूच बाजूला घेतात आणि एक्सरे न काढता थुंकीची डबी हातात देतात. हे कुठल्या स्लाइडवर होतं का, असलं तरी कुणाला आठवत नाही.

(चहाच्या टेबलावर चौघं, मोबाईल मध्ये)

ही त्यांची बैठक. काही सरकारी आदेश वगैरे नाही, चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी. विषय आज एका आजोबांचा. आकडा खूप वर, पण पूर्वी टीबीचा कोर्स पूर्ण केलेला. डॉक्टर मॅडम सांगतायत की जुना व्रण मशीनला नव्यासारखाच दिसू शकतो, म्हणून आधी विचारायचं, आणि विचारलं तरी थुंकी पाठवायचीच, सोडायचं नाही. पोरगा विचारतोय मग आकड्याची रेष किती वर ठेवायची, म्हणजे कितीच्या पुढं गेलं की थुंकी तपासायची. खाली ठेवली तर लॅबवर लोड, वर ठेवली तर एखादा सुटतो. यावर दोघांचं भांडण झालं, पुढचं आम्ही कापलंय, लांबलं होतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपचा नियम मात्र ताईंनी पहिल्याच दिवशी घातला. फोटो टाकायचा तर नाव, वय, गाव कापून. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या एआयबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत पण रुग्णाची गोपनीयता आहे आणि शेवटचा निर्णय माणसाचा हेही आहे, पण ताईंनी त्या वाचून नियम केला नाही, वस्तीत टीबीचं नाव निघालं की पोरीचं लग्न मोडतं हे त्यांना माहीत आहे.

(डॉ. कोटणीसांचं स्मारक)

हा शॉट आम्ही जाताजाता घेतला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९१०. १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच वारले. ऑपरेशनं केली हे सगळ्यांना माहीत असतं, तिथं पोरांना शिकवायचे पण, हे कमी लोकांना.

ज्यांची थुंकी पॉझिटिव्ह आली त्यांचं निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर, नाव चढलं, गोळ्या सुरू, पोषणाचे महिन्याला १००० रुपये.

(फोनवर बोलताना ताई)

आता अक्कलकोट, मोहोळकडनं फोन येतात. मशीन आलंय, पेटीतच आहे, काय करू. ताई म्हणतात एक दिवस कॅम्पला ये, नुसता उभा राहा, बॅटरी चार्ज करून आण फक्त. एप्रिलात आमच्याकडं पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा लॅपटॉप उन्हात ठेवू नको हे पण त्या आत्ताच सांगून ठेवतायत.