कुत्रं फरशी चाटतंय, माती खातंय. आधी ओठ उचलून पाहा

मंडळी, नमस्कार. समोर शेतकरी आहेत, शहरात कुत्री पाळणारी कुटुंबं आहेत आणि मागच्या रांगेत परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतली मुलंही दिसतायत. मी एका कुत्र्यापासून सुरुवात करतो.

लातूरच्या एका शिक्षकांच्या घरचा लॅब्रॅडॉर, शेरू. वय पाच वर्षं. त्यांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. रात्रीचे पावणेदोन वाजलेत. बैठकीतली शहाबादी फरशी, आणि शेरू मान खाली घालून एकच फरशी चाटतोय. चप चप चप. मध्येच घोट गिळतो, घशात काही अडकल्यासारखी मान लांब करतो, की परत चाटणं सुरू. अकरा मिनिटं हे चाललं होतं. फरशीवर ताटाएवढा ओला काळा डाग पडला होता. घरच्यांनी आधी त्या जागी फिनेल ओतलं, मग मिरचीपूड भुरभुरली. शेरू सरकून शेजारच्या फरशीवर गेला. रागावून झालं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारून झालं. शेवटी कुणीतरी सांगितलं, ‘कॅल्शियम कमी पडतंय त्याला.’ म्हणून दोन महिने कॅल्शियमची पावडर चालू होती.

हा कॅल्शियमचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. तो येतो कुठून? आपल्या गोठ्यातून. देवणी असो की लाल कंधारी, दुष्काळात नुसत्या कडब्यावर राहिलेली गाय हाडं चघळते, चपला चावते, भिंतीची माती चाटते. वाळल्या चाऱ्यात फॉस्फरस फार कमी असतो आणि जनावर तो हाडांत शोधतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत सर अर्नोल्ड थायलर यांनी हेच दाखवून दिलं. तिथली गुरं माळावर पडलेली हाडं चघळायची आणि कुजक्या हाडांतल्या विषानं लुळी पडून मरायची. म्हणून तर आपण गोठ्यात खनिज मिश्रण देतो, चाटण वीट टांगतो. गुराच्या बाबतीत हे ज्ञान पक्कं आहे आणि आपल्या शेतकऱ्याला ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

पण कुत्रं म्हणजे लहान गाय नव्हे. बरं खायला मिळणाऱ्या कुत्र्यात निव्वळ खनिज कमी पडल्यामुळे माती खाणं क्वचितच दिसतं. नुसती ज्वारीची भाकरी आणि पाणीदार ताक यांवर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याला अंडं हवं, मांस-मासळी हवी, प्रथिनं हवीत. पण म्हणून अंदाजानं कॅल्शियम घालू नका. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम दिलं तर त्याची हाडं सुधारत नाहीत, उलट वाकडी वाढतात.

खाऊ नये ते सतत खाण्याला वैद्यकात ‘पायका’ म्हणतात. हे मूळ लॅटिन नाव कावळ्याच्या कुळातल्या एका पक्ष्याचं. तो काहीही गोळा करतो, काहीही गिळतो, अशी त्याची ख्याती. आपल्याकडचा टकाचोर त्याचा भाऊबंद. माणसांतही पायका असतो. गरोदर बाई भिंतीची माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाते. आपण कौतुकानं डोहाळे म्हणतो आणि बऱ्याचदा तिच्या रक्तात लोह कमी निघतं. हे लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

आधी शेरूचं सांगतो. कॅनडात माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी सतत फरशी, भिंती, गाद्या चाटणारी १९ कुत्री तपासली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तोवर बहुतेकांची समजूत अशी की हा मनाचा चाळा आहे, वेडसर सवय आहे. त्या १९ पैकी १४ कुत्र्यांच्या पोटात दोष सापडला. कुणाच्या आतड्याला सूज, कुणाचं जठर वेळेत रिकामं होत नव्हतं, कुणाचं स्वादुपिंड दुखावलेलं, कुणाला जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी. पोटावर उपचार केल्यावर निम्म्याहून जास्त कुत्र्यांचं चाटणं बरंच कमी झालं. मी हा निबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘खोड आहे, दुर्लक्ष करा’ असं सांगून मी परत पाठवलेली कितीतरी कुत्री डोळ्यांपुढे आली.

मळमळणारं माणूस काय करतं? लाळ गिळतं, ओठ चाटतं, उगाच येरझाऱ्या घालतं. कुत्र्याला ‘मळमळतंय’ म्हणता येत नाही. ते ओठ चाटतं, घोट गिळतं, हवा चाटतं, फरशी चाटतं, अधाशासारखं गवत ओरबाडतं. पोटात कळ असेल तर पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर उचलून उभं राहतं. आपण म्हणतो, आळस देतंय. शेरूच्या मालकांना मी विचारलं, खायला काय आणि केव्हा? रात्री झोपताना अर्धा लिटर दूध, लाडानं. शी कशी? सकाळी पातळ. उलटी? अधूनमधून पहाटे पिवळी. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. शी तपासली, रक्त तपासलं, जंताचं औषध दिलं. दूध बंद केलं, दिवसातून तीनदा थोडं थोडं हलकं जेवण आणि पोटाची औषधं सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात शेरूच्या घरच्या बाईंचा फोन आला, “डॉक्टर, काल रात्री फरशी कोरडी होती.”

आता रक्ताकडे येतो. मराठवाड्यात मला हेच सगळ्यात जास्त दिसलं, म्हणून इथं जरा वेळ घेतो.

शेतातल्या आखाड्यावरचा मोती. मालक म्हणाले, “आठ दिवसांपासून चुलीतली राख आणि बांधावरची माती खातंय.” मी त्याचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. हिरडी गुलाबी असायला हवी, ती चुन्यासारखी पांढरी होती. हिरडीवर बोट दाबून सोडलं की आधी पांढरा ठसा उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. मोतीच्या हिरडीवर ठसा दिसणार तरी कसा, सगळीच हिरडी पांढरी. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे घोस. या गोचिडातून एर्लिकिया, बबेसिया हे रोग रक्तात शिरतात आणि रक्त आटवतात. आतड्यातला अंकुशकृमी वेगळाच, तो आतड्याला चिकटून रक्त पितो. पिल्लाला तो आईच्या दुधातूनसुद्धा येतो. म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यायचं असतं; सहा महिन्यांचं झाल्यावर नव्हे. रक्त कमी झालेलं कुत्रं माती, राख, विटकर, सिमेंट चाटतं. मघाशी सांगितलेल्या गरोदर बाईसारखंच.

आणि गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावरून वेचून भागत नाही. मादी खाली उतरते, दगडी भिंतीच्या सांदीत, शेणामातीच्या भेगेत शिरून हजारो अंडी घालते. औषध कुत्र्याला आणि जागेला, दोन्हीकडे लागतं. गुरांवर फवारायचं औषध अंदाजानं पातळ करून कुत्र्यावर ओतू नका. कुत्रं ते अंगावरून चाटतं आणि विषबाधा होते. असं गेलेलं कुत्रं मी पाहिलंय.

आता जे सांगतो ते नीट ऐका. १९८७ साली मी नवीन नोकरीला लागलो होतो. एका वस्तीवरून कुत्रं आणलं. लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, काटक्या आणि माती चावतंय. मालक म्हणाला, “घशात हाडूक अडकलंय साहेब.” मीही तेच धरून चाललो. उघड्या हातानं जबडा फाकला, घशात बोटं घालून हाड शोधलं. हाड नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुत्रं मेलं. ते पिसाळलेलं होतं. त्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. मी घेतली, कुत्रं धरून ठेवणाऱ्या त्या माणसालाही घ्यायला लावली. ती जुनी लस आता बंद झालीय, नवी दंडात देतात. पण रेबीज तोच आहे. एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. म्हणून ज्या कुत्र्याचा आवाज बदललाय, वागणं बदललंय, लाळ गळतेय आणि ते काड्या-दगड चावतंय, त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. मी मघाशी ओठ उचलायला सांगितलं, ते रोज तुमच्या ताटाजवळ बसणाऱ्या, लस दिलेल्या, शांत कुत्र्याबद्दल. चावा बसला, जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद नको, चुना नको.

गिळलेल्या वस्तूंचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे जून महिना म्हणजे आंब्याची कोय, आणि पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं बुरकुंड. दोन्ही आतड्यात बुचासारखी बसतात आणि बुरकुंड एक्स-रेवर बऱ्याचदा नीट दिसतही नाही. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, शी बंद, पोटाला हात लावू देत नाही, अशा वेळी उद्याची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं. आणि मागून सुतळी किंवा साडीचा काठ लोंबताना दिसला तर ओढू नका. आत आतड्याच्या घड्या त्या दोऱ्यावर गोळा झालेल्या असतात, ओढलं की दोरा आतडं कापतो.

मग सवय नावाची गोष्ट नसतेच का? असते. चोवीस तास साखळीला बांधलेलं कुत्रं काय करील? पुढच्या पायाचं मनगट चाटून चाटून जखम करील, खांब चाटील. पण तिथंही आधी बघा: त्या पायात काटा आहे का, सांधा दुखतोय का, कातडीला ॲलर्जी आहे का? शरीर तपासून झालं, काही सापडलं नाही, की मगच मनाकडे जायचं. अशा कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ लांब फिरवा आणि हवं तिथं हुंगू द्या. आपल्या भागातली पष्मी, कारवानी ही तर धावण्यासाठी घडलेली कुत्री. माळेगावच्या यात्रेत त्यांचा रुबाब तुम्ही पाहिलेला आहे. त्यांना चार हात साखळीवर ठेवायचं आणि वर खोडकर म्हणायचं, हे मला पटत नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे. आमचे नर्सीचे नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, म्हणतात. तुपाची सोय करू नका, पण साखळी तेवढी सोडा.

काही गोष्टींची मात्र काळजी नको. अधूनमधून शांतपणे चार काड्या गवत खाणं नेहमीचं आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दात बदलतात तेव्हा चपला जाणारच. मटणाची पिशवी फाडली तर तो पायका नव्हे, वास भाकरीपेक्षा चांगला होता एवढंच. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची शी आई चाटून साफ करते, तिला मारू नका.

दवाखान्यात येताना एक करा. व्हिडिओ काढून आणा. चाटणं जेवणाआधी की नंतर, रात्री की दुपारी, किती वेळ, हाक मारली तर थांबतं का, हे त्यात दिसू द्या. हाक मारूनही भान नसेल, डोळे एकटक असतील, तर तो फिटचा प्रकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

(एका श्रोत्या ताईंनी विचारलं, त्यांचं अडीच महिन्यांचं पिल्लू कुंडीतली माती खातं आणि पोट नगाऱ्यासारखं झालंय.)

जंताचं औषध किती वेळा दिलं ताई? एकदाही नाही? पिल्लू आणलंय का सोबत? बाहेर गाडीत असेल तर घेऊन या. इकडं, या ट्यूबलाइटखाली. घाबरू नका, तुम्हीच धरा त्याला. आता अंगठ्यानं वरचा ओठ उचला. मुलांनो, पुढं या.