खंडोबाच्या किड्याला उंच घर द्या

नमस्कार मंडळी! पावसाळा सरत आला की कुंपणावर, कढीपत्त्याच्या झाडावर मोठा हिरवागार खंडोबाचा किडा (म्हणजे प्रेइंग मँटिस) दिसायला लागतो, बरेचदा तो हिरोड्युला गटातला असतो, आणि पोरं हौसेनं त्याला पकडून आडव्या टिफिनच्या डब्यात ठेवतात. त्या डब्याबद्दलच मला आज बोलायचंय, कारण तिथंच तो मरतो.

हा किडा कात टाकताना छताला पाय रोवून उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून हळूहळू खाली सरकत बाहेर येतो. खाली जागा नसेल तर अर्ध्यातच अडकतो, पाय वाकडे राहतात, पंख चुरगळतात. म्हणून बरणीची उंची त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी, आणि वर मच्छरदाणीचं कापड ताणून लावा, गुळगुळीत प्लास्टिकवर मोठ्या किड्याची पकड बसत नाही.

कात टाकायच्या आधी काही दिवस तो खाणं सोडतो. आजारी पडला की काय म्हणून लोक आत अजून एक रातकिडा सोडतात... प्लीज असं करू नका! कात टाकताना अंग मऊ असतं, तो रातकिडाच त्याला कुरतडतो. आतलं खाणं काढून घ्या, बरणी हलवू नका, कात टाकून झाल्यावरही एक-दोन दिवस थांबा.

आता ब्रीडिंग. पोटाच्या खालच्या बाजूचे कप्पे बघा, मादीला 6 दिसतात, नराला 8. मादीला पंख आले की दोनेक आठवडे भरपूर खाऊ घाला आणि ती काहीतरी खात असतानाच नर सोडा, कारण नराला खायचा धोका उपाशी मादीकडून जास्त असतो, दर वेळी ती खातेच असं काही नाही.

मग ती काडीवर फेस सोडते, तो वाळून टणक होतो, आत अंडी. मिलन झालं नसलं तरी मादी हे कोश घालते, पण त्यातून पिल्लं येत नाहीत. चांगल्या कोशातून शंभरावर पिल्लं एकदम बाहेर पडतात आणि खायला मिळालं नाही तर एकमेकांनाच खातात, म्हणून पिकलेल्या केळ्यावर फळमाश्या आधीपासूनच वाढवून ठेवा. थोडी पिल्लं वेगवेगळ्या कपांत ठेवा, बाकीची आई सापडली त्याच कुंपणावर सोडा. परदेशी जातीची असतील तर मात्र एकही बाहेर सोडू नका.