जोई डनलॉपचा रस्ता आणि आपला चोर्ला घाट

नमस्कार मंडळी! 'जोई डनलॉपवर बोला' म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडून कमेंटी येतायत, तर आज बोलूया.

मूळ माहिती पटकन सांगतो. जोई म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनीचा मोटरसायकल रेसर. आयल ऑफ मॅन बेटावर साध्या रस्त्यांवर मोटरसायकल रेस होतात, त्यांना टीटी म्हणतात; १९७७ ते २००० मध्ये त्यातल्या २६ जिंकल्या. १९८२ पासून सलग पाच वर्षं टीटी फॉर्म्युला वन या मोटरसायकल स्पर्धेचा जगज्जेता. झालं.

आता बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाबद्दलची एक कमेंट. 'जोई रस्त्यावरच पळवायचा की, मग आम्ही चोर्ल्यात पळवली तर काय बिघडलं?'

अरे भावा, तो रस्ता बंद असतो! साठ किलोमीटरचा रस्ता रेसपुरता कायद्यानं बंद करतात. समोरून कुणी येत नाही, म्हणून जोई वळणावर या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खा रस्ता वापरायचा. तीच लाइन चोर्ल्यात धरलीस की तू गोव्याकडून येणाऱ्या ट्रकसमोर.

मी धरली होती. कॉलेजात होतो, जांबोटीच्या पुढं, मागं मावसभाऊ. वळणात झुकलो आणि समोर बस. गाडी गटारीत घातली म्हणून वाचलो. त्याचा पाय मोडला. मावशीसमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं. रस्ता बंद नव्हता, एवढंच कारण.

'आम्हाला घाट पाठ आहे' म्हणणारेही आहेत. टीटीत दोनशेहून जास्त वळणं, जोईला ती पाठच होती. पण वळणापलीकडं आज म्हैस बसलीय का, हे कुणाला पाठ असतं? टीटीत तिथं झेंडा घेऊन मार्शल उभा असतो. चोर्ल्यात कोण उभाय?

आणि बंद रस्त्यावरही जोई गेलाच. जून २००० मध्ये, ४८ व्या वर्षी, एकाच टीटीत तीन रेस जिंकला. २ जुलैला एस्टोनियात टॅलिनला, पावसात, १२५ सीसीची गाडी झाडांवर आदळली.

हाच माणूस रोमानिया, बोस्नियातल्या पोरांसाठी कपडे, खाणं व्हॅनमध्ये भरून स्वतः चालवत न्यायचा. मला त्या २६ कपांपेक्षा ती व्हॅन जास्त आठवते.

रेसरच व्हायचंय? कोईम्बतूरला कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. लायसन्स, ट्रेनिंग, खर्च यावर पुढचा व्हिडिओ करतोय. तोवर चोर्ल्यातले, वळणात झुकून गुडघा रस्त्याला टेकवलेले व्हिडिओ पाठवू नका. मी ते चॅनलवर लावणार नाही.