संपावर जाताना मत, मिटवताना का नाही?

(नाशिकमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय, आणि नाइट ड्युटी करून घरी न जाता थेट इथे आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय : 'वेतनवाढीचा प्रस्ताव आणि सभासदांचा कौल'. इंग्लंडमधल्या नर्सेसनी 2023 साली हा कौल कसा घेतला आणि आपण तो कसा घ्यावा, हे सांगायला मला बोलावलंय. ते सांगणारच आहे. पण त्याआधी कित्येक वर्षं मनात घोळत असलेली गोष्ट बोलते. संपावर जायचं ठरतं तेव्हा आपल्याला हात वर करायला सांगतात, घोषणा द्यायला सांगतात, उन्हात बसायला सांगतात. संप मिटतो तेव्हा मात्र मोबाइलवर मेसेज येतो.

इथल्याच गोल्फ क्लब मैदानावर अशाच एका संपात मी बसले होते. संघटना कोणती ते सांगत नाही, आज तिचे लोकही इथे असतील आणि ते माझेच आहेत. दुपारी फोन वाजला : 'संप मागे. सर्वांचे अभिनंदन.' शेजारी बसलेल्या सिस्टरनं मला विचारलं, "ताई, आपल्याला मिळालं काय?" मला सांगता येईना. मी तालुक्याची पदाधिकारी, आणि माझ्याकडेही तोच मेसेज, तेवढाच! तडजोडीचा कागद आमच्या हातात पडला तेव्हा लोक कामावर परतले होते. संपकाळ रजेत धरायचा, हे त्यात खालच्या ओळीत लिहिलेलं. ज्यांच्या रजा गेल्या, त्यांना कोणी विचारलं होतं?

आपल्या महाराष्ट्रात 1971 चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. मान्यताप्राप्त संघटनेला संप करायचा असेल तर आधी सभासदांचं मतदान घ्यावं आणि एकूण सभासदांच्या बहुमताशिवाय संप सुरू करू नये, अशी अट त्यात घातलीय. नुसतं हजर असलेल्यांचं बहुमत चालत नाही. संपात उतरायला असं मत लागतं, आणि तडजोडीवर सही करायला? तिथे तशी अट नाही. दार उघडताना सगळ्यांना विचारायचं आणि लावताना एकट्यानं लावायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मार्च 2023 चा तो आठवडा आठवा. जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचारी 14 तारखेला संपावर गेले. आपल्यापैकी किती जणी होत्या? हात वर करा... बघा, निम्मं सभागृह! संप 20 तारखेला मिटला आणि लोक "असं कसं मिटलं?" विचारतच कामावर गेले. त्याच आठवड्यात आपल्या दिंडोरीहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च वाशिंदला थांबला होता. मुंबईत बोलणी झाली, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं, तरी लोक लगेच उठले नाहीत. अंमलबजावणीचे आदेश खालपर्यंत निघू द्या, मग उठू, म्हणाले. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा जीवही गेला. सुरगाणा-पेठची ही माणसं. आपल्या उपकेंद्रात लस घ्यायला येतात तीच. कागद हातात आल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांच्याकडून शिका.

कारण पुढे काय झालं? त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आशांना, म्हणजे मानधनावर गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या स्वयंसेविकांना, महिना 7,000 रुपये वाढ जाहीर झाली. संप थांबला. शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघाला नाही. 12 जानेवारी 2024 ला आशा पुन्हा संपावर, मग आझाद मैदान, आणि मार्चमध्ये जीआर निघाला तो 5,000 चा. वाढ मोठीच होती, ती लढून मिळवली, त्याचा मला अभिमान आहे. पण 7,000 चे 5,000 होताना गावागावातल्या आशांना कोणी बसवून विचारलं का, की बायांनो, हे घ्यायचं का?

विचारलं तर काय होतं, ते मी पाहिलंय. हरसूलच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची मासिक सभा होती. ही जुनी गोष्ट, वेगळ्याच एका प्रस्तावाची, हजार रुपये वाढीची. एएनएम, म्हणजे तिथल्या नर्स बाईंनी ओआरएसच्या पाकिटांचा रिकामा खोका आणला, ब्लेडनं वरती फट पाडली आणि लसीच्या फ्रिजवर ठेवला. चिठ्ठ्या केल्या : 'मान्य', 'अमान्य'. मी म्हटलं, आधी प्रस्ताव वाचू. सरकारी मराठी तुम्हाला माहीतच आहे, एक वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो! मी सावकाश, थांबत थांबत वाचलं. सगळ्या हजार या आकड्यावर खूश. मागे एक वयस्कर आशा बसली होती, मांडीवर तिची गृहभेटींची वही. ती म्हणाली, "ताई, ते शेवटचं पुन्हा वाचा." मी वाचलं : 'शासन निर्णय निर्गमित झाल्याच्या दिनांकापासून.' ती म्हणाली, "म्हणजे निघेल तेव्हापासून? आणि आठ महिने निघालाच नाही तर?" वहीच्या मागच्या पानावर तिनं मांडलं : आठ महिने, आठ हजार. खोलीत एकदम आवाज बंद. मग जो गलका झाला! कुणी म्हणाली मुलाची फी, कुणी म्हणाली बचत गटाचा हप्ता. त्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या गेल्याच नाहीत. आधी तारीख लिहून आणा, मग विचारा, असा निरोप आम्ही वर पाठवला. वाटाघाटीला बसलेल्या आमच्या एकाही शहाण्या पुढाऱ्याला ते वाक्य खटकलं नव्हतं. तिला खटकलं, कारण फटका तिच्याच घराला बसणार होता. कौल हवा तो यासाठी. वाचणारे डोळे वाढतात!

...अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. बरं. इंग्लंड पटकन सांगते.

2022 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगच्या नर्सेस संपावर गेल्या. शंभरावर वर्षांच्या त्या संघटनेचा इंग्लंडमधला असा पहिलाच संप. मार्चमध्ये सरकारनं प्रस्ताव दिला : 2023-24 साठी 5 टक्के वाढ आणि मागच्या वर्षापोटी एकरकमी पैसे. नेतृत्वानं सांगितलं, स्वीकारा. तरीही प्रस्ताव सभासदांपुढे ठेवला. 61 टक्क्यांनी मत दिलं आणि त्यातल्या 54 टक्क्यांनी नाही म्हटलं. नेतृत्वाचं सभासदांनी ऐकलं नाही आणि नेतृत्वानं तो निकाल मानला, हे मला फार मोलाचं वाटतं. युनिसन या दुसऱ्या मोठ्या संघटनेत तोच प्रस्ताव 74 टक्क्यांनी स्वीकारला. शेवटी सगळ्या संघटनांच्या संयुक्त परिषदेत बहुमत स्वीकाराच्या बाजूनं गेलं आणि मेमध्ये ती वाढ लागू करायचं ठरलं, नाही म्हणणाऱ्या नर्सेसनाही. पुढे नर्सेसनी पुन्हा संपाचं मतदान घेतलं. मत देणाऱ्यांपैकी 84 टक्के संपाच्या बाजूनं, पण मतदान झालं 43 टक्के, आणि तिथल्या कायद्याला निम्म्या सभासदांचं मतदान लागत होतं. संपाचा अधिकार संपला. तेव्हा कौल घेतला की जिंकलोच असं नाही. पण कोण कुठे उभं आहे ते सगळ्यांना दिसतं.

आपल्याकडे काय करता येईल? प्रस्ताव एका पानावर, साध्या मराठीत : आज किती, उद्या किती, कधीपासून, संपकाळाचं काय, खटले मागे घेणार का. नेत्यांचं मतही त्यावर लिहा, लपवू नका. मग सात दिवस. मतदान गुप्त, मोबाइलवर नको, कारण पेठच्या पाड्यांवर रेंज नाही आणि मोबाइल पुष्कळदा नवऱ्याच्या हातात असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत, खोक्यात. कंत्राटी, मानधनावरचे, आशा, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, सगळ्यांची मोजणी वेगवेगळी दाखवायची, नाहीतर कायम कर्मचाऱ्यांच्या आकड्याखाली त्यांचं 'नाही' दबून जातं. मोजणीला दोन्ही बाजूंचे लोक बसवा. आणि जीआरचा क्रमांक, तारीख कागदावर असल्याशिवाय कौलच घेऊ नका. आत्याबाईला मिशा असत्या तर, असल्या आश्वासनावर मत कशाचं देणार?

सरकार म्हणेल, सात दिवस थांबायला आम्हाला वेळ नाही, मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा कायदा, लावू. लावतील. पण तीन महिने प्रस्ताव दाबून ठेवणाऱ्याला आपले सात दिवस जास्त वाटत असतील, तर ते तोंडावर सांगायची हिंमत पुढाऱ्यांत हवी.

नमुना मतपत्रिका बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्यात. प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधीनं एक गठ्ठा न्यावा, काय बदलावं ते त्याच्यावरच पेननं लिहून महिनाअखेरच्या बैठकीला आणावं. सुरगाण्याच्या बायांची शेवटची एसटी आहे, म्हणून प्रश्न आधी त्यांचे घेऊ.